अण्णांच्या ट्रकचं दुसरं इंजिन

भावाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. पेन्शनचे तेच ते कागद तिसऱ्यांदा मागितले होते आणि नेमका माझाच कागद मशीनमध्ये अडकला होता. डोकं आधीच तापलेलं.

"अक्का, उद्या भंगारवाला येतोय," भाऊ म्हणाला. "शेड मोकळं करतोय. अण्णांच्या गाडीतलं तुला काय पायजे असलं तर आत्ताच सांग."

"काय म्हणजे?"

"म्हंजे स्टेअरिंग, नंबराची पाटी, असलं काय तरी. आठवण म्हणून."

"मला गाडी पाहिजे," मी म्हणाले.

मग त्याने विचारलं, "सगळी?"

"सगळी."

असं मी का म्हणाले याची पुढे मी लोकांना बरीच चांगली चांगली कारणं सांगितली. खरं कारण राग हे होतं. वडिलांची गाडी भंगारात जाणार, आणि मला ते आदल्या दिवशी कळवायचं, तेही स्टेअरिंग पाहिजे का म्हणून विचारायला!

ट्रक अण्णांनी घेतला तेव्हा मी चौथीत होते. तेव्हाही तो जुनाच होता. पुढे लांब नाक, दोन मोठे गोल दिवे, लाकडी फळ्यांचा हौदा आणि पेट्रोलवर चालणारं सहा सिलिंडरचं इंजिन. सांगलीजवळच्या आमच्या गावची आणि आसपासच्या चार-पाच गावांची हळद त्यातून पेठेत जायची. मला साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा माझी पेटी, माझी गादी आणि मी असे तिघे त्याच ट्रकमधून साताऱ्याला आलो. अण्णा गेल्यावर तो शेतातल्या पत्र्याच्या शेडात उभा केला गेला, आणि पुढची बावीस वर्षं तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी गावी गेले. भंगारवाला यायच्या आत पोचले. भाऊ शेडाच्या दारात उभा होता. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण शेती तोच बघतो, त्यामुळे घरात शब्द त्याचा चालतो.

"हे बघ अक्का," तो म्हणाला, "मला हळदीचा पॉलिशचा ड्रम ठेवायला जागा न्हाई. पुढची हळद निघायच्या आत शेड रिकामं पायजे. गाडी आपल्या चाकावर भायेर गेली तर तुझी. न्हाई गेली तर भंगारवाल्याची. मग तू रड, न्हाईतर वरड."

मी होकार दिला. मला वाटलं होतं, तेल-पाणी केलं, बॅटरी बसवली, टायर बदलले की झालं. बत्तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. एका इंजिनाला घाबरायचं काय कारण होतं?

सांगलीतले तीन गॅरेजवाले येऊन बघून गेले. तिघांनीही हात लावला नाही. शेवटी आमच्या शाळेतल्या शिपायाने त्याच्या चुलत्याचं नाव सुचवलं. ते औंधकडचे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं, निवृत्त होऊन बसलेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. दर शनिवारी सकाळी मी साताऱ्याहून यायची, ते औंधहून यायचे, आणि रविवारी दुपारी आम्ही आपापल्या वाटेने परत जायचो. मिस्त्रींचा हात सोन्यासारखा होता. पण त्यांना एक सवय होती. कुठलीही अडचण आली की ते शांतपणे म्हणायचे, "होऊन जातंय, बाई." पहिल्या महिन्यात मला त्या शब्दांनी धीर यायचा. तिसऱ्या महिन्यात ते ऐकले की माझ्या कपाळाची शीर उडायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी इंजिनाच्या कुशीवर हातोडीने हलकेच ठोकलं. टण् आवाज यायच्या जागी भद् असा आवाज आला. आणखी दोनदा ठोकलं, तशी गंजाची खपली निघाली आणि खाली पडली. आत बोट जाईल एवढं भोक.

"गाडी हुबी केली तवा पाणी काढायचं ऱ्हायलं," मिस्त्री म्हणाले. "बावीस वर्सं पाणी आतच हाय. समदं खाल्लंय."

मी भावाकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" तो म्हणाला. "मला काय म्हाईत पाणी काढत्यात म्हणून? अण्णांनी कवा सांगितलंय?"

बरोबरच होतं त्याचं. पण एक नळी सोडायचं काम होतं, दोन मिनिटांचं. ते कोणी केलं नाही म्हणून एवढं मोठं लोखंड वाया गेलं, हे मला सहन होईना. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही. भावजयीने घरच्या रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत पानं वाढली, तेव्हाही मी मान खाली घालून जेवले.

तसं इंजिन कुठे मिळेना. मिस्त्रींनी त्यांच्या ओळखीत सगळीकडे विचारलं. शेवटी म्हणाले, "दुसरं बसवू. डिझेलचं. चार सिलिंडरचं बसलं तर बसतंय."

"बसलं तर?"

"होऊन जातंय, बाई."

शिरवळजवळ एका भंगाराच्या आवारात एक मोडलेली शाळेची बस सापडली. तिचा सांगाडा सडला होता, पण इंजिन फिरत होतं. मिस्त्रींनी ते तिथेच चालू करून ऐकलं, तेलात बोट बुडवून बोटावर चोळून बघितलं आणि मान डोलावली. आवारवाल्याला मी बसचे कागद मागितले. तो म्हणाला, "ताई, आठ दिवसांत पाठवतो." मी त्याचा फोन नंबर घेतला आणि विश्वास ठेवला. इतकी वर्षं "वही घरी राहिली, उद्या आणतो" हे ऐकलेल्या बाईने असा विश्वास ठेवावा, याचं आज मलाच नवल वाटतं.

इंजिन टेम्पोतून गावी आलं. शेडाच्या मधल्या जाड तुळईला साखळीची कप्पी बांधली आणि जुनं इंजिन बाहेर काढलं. नवं उचलून जागेवर धरलं आणि पहिली गोष्ट कळली. त्याच्या पाठीमागची भोकं आणि ट्रकच्या गिअरबॉक्सची भोकं यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

गिअरबॉक्स बदलायला मिस्त्री तयार नव्हते. ते म्हणाले, "मधी एक जाड प्लेट घालू. तिला एका बाजूनं इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सची. कुपवाडात लेथवाला हाय, लय जुना माणूस. तो करून देतोय. अंदाजानं पुठ्ठा कापतो मी."

"अंदाजाने नाही," मी म्हणाले. "मापं मी काढते."

इथे माझा अहंकार आड आला, हे आता मोकळेपणाने लिहिते. त्या दोन-तीन महिन्यांत मला सगळ्यांच्या अंदाजांचा वीट आला होता. भाऊ म्हणायचा अंदाजे चार दिवस, मिस्त्री म्हणायचे एक-दोन सूत इकडं तिकडं, शिरवळवाला म्हणायचा आठ-दहा दिवस. मी साताऱ्याहून ड्रॉइंगचे मोठे कागद आणले, शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर मागून आणला. इंजिनाच्या पाठीवर कागद घट्ट चिकटवून पेन्सिलीने घासून ठसा घेतला. गिअरबॉक्सच्या तोंडावर दुसरा कागद लावून तसाच ठसा घेतला. मध्यबिंदू काढले, प्रत्येक भोकाचं अंतर तीन तीनदा मोजलं. मग दोन्ही ठशांचे मध्यबिंदू एकावर एक ठेवून तिसऱ्या कागदावर स्वच्छ आकृती काढली. तिच्याखाली लाल शाईने लिहिलं: मापात कोणताही बदल करू नये. त्याखाली दोन रेघा मारल्या.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात तो लेथ होता. लेथवाले सत्तरीचे, जाड चष्म्याचे. त्यांनी माझा कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. चष्मा काढून पुसला, परत बघितला.

"बाई, ह्ये असंच करायचं?" त्यांनी विचारलं.

"असंच. एक सूतसुद्धा बदलायचं नाही."

"बरं," ते म्हणाले आणि कागद खणात ठेवला.

प्लेट यायला तीन आठवडे लागले. आली ती बघण्यासारखी होती, बोटभर जाडीची, कडा गुळगुळीत, आरशासारखी चमकणारी. मिस्त्रींनी ती इंजिनाच्या पाठीला लावली. सगळे बोल्ट हाताने फिरत गेले. मी भावाकडे विजयाने बघितलं. मग गिअरबॉक्स पुढे सरकवला आणि आठांतली चारच भोकं जुळली.

मिस्त्रींनी प्लेट काढली आणि पालटून लावली. आता गिअरबॉक्सची आठही भोकं जुळली, पण इंजिनाची चुकली. परत पालटली. परत तेच. असं चारदा झालं. दुपारची वेळ, वर पत्रे तापलेले, आणि तो चांगला वीस किलोचा लोखंडी तुकडा आम्ही इकडून तिकडे फिरवत होतो.

भाऊ दारात टेकून उभा होता. तो म्हणाला, "अक्का, आता बास कर की."

मी प्लेट पोत्यात गुंडाळली, त्याला मोटरसायकल काढायला लावली आणि तशीच कुपवाडला गेले. गाळ्यात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी त्या म्हाताऱ्या माणसाला काय काय बोलले! मी म्हणाले, वेळ लावला तो लावला, वर काम बिघडवलं. तुम्ही ड्रॉइंग उलटं धरलंत. दिसत नसेल तर सांगायचं होतं. तीन आठवडे माझे फुकट गेले. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला बोलावं तसा माझा आवाज चढला होता. भाऊ माझी बाही ओढत होता.

लेथवाल्यांनी मशीन बंद केलं. हात पुसले. खणातून माझा कागद काढला, प्लेट त्यावर ठेवली. भोकानभोक कागदाशी जुळलं. केसाएवढाही फरक नव्हता.

मग त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर उघडे धरले.

"बाई, ह्यो हात इंजिन, ह्यो गिअरबॉक्स. दोगं एकमेकाकडं त्वांड करून बसनार. व्हय का न्हाई?" त्यांनी नमस्कारासारखे हात जोडले. अंगठ्याला अंगठा लागला. "तुमी काय केलासा? तुमी दोनी हात असं ठेवलं." त्यांनी दोन्ही पंजे पालथे करून डाव्याच्या पाठीवर उजवा ठेवला. दोन अंगठे दोन दिशांना. "एक कागद पालटून ठिवायचा हुता."

एका क्षणात सगळं दिसलं. समोरासमोर असलेल्या दोन वस्तूंचे ठसे मी एकाच दिशेने ठेवले होते. आरशातली उजवी-डावी बाजू हा धडा मी सातवी-आठवीच्या किती तुकड्यांना शिकवला असेल! मुलांना आरशासमोर उभं करून उजवा कान पकडायला लावायची, आणि एखादा चुकला की हसायची.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं.

"शंका आलती. म्हणून तर इचारलं, असंच करायचं का."

"मग सांगायचं ना!"

त्यांनी कागदावरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

मी माफी मागितली. ती गिऱ्हाइकं अजून तिथेच होती, म्हणून त्यांच्यादेखतच मागितली. लेथवाले म्हणाले, "ऱ्हाऊ द्या," पण त्यांचा चेहरा काही सैल पडला नाही, आणि पडावा असं मी काही केलंही नव्हतं. दुसरी प्लेट करून द्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "करतो. पर खुणा तुमी करायच्या. माझ्यासमोर बसून."

पुढचे दोन शनिवार मी त्या गाळ्यात बसले. एका हातात टोकदार सुंभा, दुसऱ्या हातात हातोडी. प्रत्येक भोकाच्या जागी मी खूण केली. ते प्रत्येक वेळी विचारायचे, "ह्ये त्वांड कुणाचं?" मी सांगायची, "गिअरबॉक्सचं." "बगतंय कुणीकडं?" "इंजिनाकडे." मग ते मान हलवायचे आणि मी ठोकायची. साठी उलटलेली बाई आणि पाठ घेणारे मास्तर. माझा जीव मेटाकुटीला आला होता, पण एकदाही आवाज चढवला नाही.

दुसरी प्लेट बसली. सोळाच्या सोळा भोकं जुळली. मला वाटलं, संपलं. पण तसं काही व्हायचं नव्हतं. इंजिन खाली सोडलं तर त्याचं चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, पुढच्या आसावर टेकलं. वर उचललं तर बॉनेट मिटेना. मिस्त्रींनी तेलाचं भांडं कापून, उथळ करून, परत वेल्डिंग करून आणलं. ते गळायला लागलं. परत वेल्डिंग. मग पंखा रेडिएटरला घासायला लागला. रेडिएटर दोन बोटं पुढे सरकवला, तर त्याची नळी तोकडी पडली. नळी सांगलीत मिळेना, साताऱ्यात मिळाली, पण आणून लावली तर तोंड बारीक. एक शनिवार तर फक्त त्या नळीत गेला. मी गरम पाण्यात ती नळी बुडवून धरली होती, मिस्त्री पाय टेकून ती चढवत होते, आणि दोघांच्याही हाताला चटके बसले.

"होऊन जातंय, बाई," ते म्हणाले.

"मिस्त्री, कृपा करून हे वाक्य परत म्हणू नका," मी म्हणाले.

त्यांनी नळीवरची पट्टी आवळायला घेतली. संध्याकाळपर्यंत काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना फिरवता फिरवता म्हणाले, "पल्टनमधी आमचा एक साहेब सारखा इचारायचा, कवा हुईल, कवा हुईल. त्याला दुसरं काय सांगनार? तवापास्नं तोंडात बसलंय." त्या दोन दिवसांत मी त्यांना आणखी काही बोलले नाही. पण सातारच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं, त्यांनाही हे काम कधी संपेल ते माहीत नव्हतं. ते वाक्य मला धीर द्यायला नव्हतंच. माझा प्रश्न टाळायला होतं.

एव्हाना भावाने दिलेली मुदत उलटून गेली होती. हळद निघाली. पॉलिशचा ड्रम त्याने शेडाबाहेर ताडपत्रीखाली ठेवला. भंगारवाल्याला मात्र त्याने बोलावलं नाही. हे त्याने बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण दर शनिवारी मी आले की तो आधी ताडपत्री झटकायचा, तिच्यातलं पाणी किंवा पाचोळा माझ्यासमोर सांडायचा, आणि मग चहाला बोलवायचा.

इंजिन चालू झालं ते एका रविवारी सकाळी. त्याआधी डिझेलच्या नळीत हवा अडकली होती म्हणून दोन तास गेले. मिस्त्री नट सैल करायचे, मी हाताने पंप दाबायची, फेस यायचा, परत आवळायचे. अंगठा बधिर झाला. शेवटी फेस थांबला आणि नितळ डिझेल आलं. मिस्त्रींनी मला वर चढायची खूण केली. मी सेल्फचं बटण दाबलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सगळी गाडी गदगदली, पांढऱ्या धुराचा लोट शेडभर झाला आणि त्यातून खडखडाट सुरू झाला.

अण्णांच्या गाडीचा आवाज माझ्या कानात होता. बसका, घुमणारा, लांबून येताना ओळखू येणारा. हा आवाज शाळेच्या बसचा होता. डोळे मिटले असते तर मला मुलांचा कलकलाटही ऐकू आला असता. मला आनंद झाला का, असं पुढे अनेकांनी विचारलं. झाला. पण त्याबरोबर असंही वाटलं की आपण एवढी मेहनत करून दुसरीच कुठली तरी गाडी चालू केली.

भावजय शेडाच्या दारात पदर नाकाला लावून उभी होती. भाऊ मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. "आवाज लय हाय," तो ओरडला. "पर चालू झाली की गं!"

गाडी आपल्या चाकांवर शेडाबाहेर आली. कालव्यापर्यंत गेली. तिथे कळलं की ती तिसापुढे पळत नाही. डिझेलचं इंजिन कमी फेरे घेतं आणि मागची दातेरी चाकं जुन्या इंजिनाच्या हिशेबाची, असं मिस्त्रींनी समजावून सांगितलं. मागचा क्राउन, म्हणजे ती दातेरी चाकांची जोडी, बदलावा लागेल. मी हात जोडले. म्हटलं, तिशीने जाईन, साताऱ्याला पोचायला दिवस लागला तरी चालेल. पण कागद तरी करून घेऊ.

कागदांसाठी मी परिवहन कार्यालयात किती खेटे घातले ते मोजलं नाही. खिडकीवरचा कारकून भला माणूस होता. त्याने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "मॅडम, एवढी जुनी गाडी मूळ रूपात असती तर जुन्या गाड्यांच्या वेगळ्या यादीत नोंदवायचा विचार करता आला असता. पण तुम्ही इंजिनच बदललंत. आता ती त्यात बसत नाही."

"मूळ इंजिनाला भोक पडलं होतं," मी म्हणाले.

"ते खरं. मग साध्या नोंदणीत इंजिन बदलल्याचा अर्ज करा. त्याला ज्या गाडीचं इंजिन घेतलं तिचे कागद लागतील."

शिरवळच्या आवारवाल्याला मी फोन लावला. नंबर लागेना. स्वतः गेले. आवाराच्या जागी फरशीचं दुकान उघडलं होतं. दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "ते सगळं विकून गेले, कुठे गेले माहीत नाही." हायवेवरून ट्रकमागून ट्रक जात होते, प्रत्येकाचे कागद असणार, असं वाटून मला तिथेच रडू आलं. साठीतल्या बाईला फरशीच्या दुकानात रडताना बघून तो दुकानदार घाबरला. त्याने आणखी एक ग्लास पाणी आणलं.

अर्ज अजून पडून आहे. बसच्या चेसिस नंबरवरून जुनी नोंद शोधता येईल का, ते तो कारकून बघतो आहे. सांगाडा कधीच वितळून गेला असेल, पण नंबर मी त्या वेळी वहीत उतरवून घेतला होता. एवढं एक काम नीट केलं.

गेल्या हंगामात एका शनिवारी मी गावी पोचले तर शेडात ट्रक नव्हता. पॉलिशचा ड्रम आत, कोरडा, ऐटीत. मी भावजयीला हाक मारली. भावजय म्हणाली, "ते मळ्यात घिऊन गेल्यात. ट्रॅक्टर बंद पडलाय, हळद निगालीय."

मी तशीच मळ्यात गेले. लांबूनच तो खडखडाट ऐकू आला. भाऊ ट्रक चालवत होता. हौद्यात ओल्या हळदीचा ढीग, वर चार बायका बसलेल्या. मला बघून त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही.

"मला विचारलंस का?" मी खालून ओरडले.

"काय?"

"मला विचारलंस का नेताना?"

"इचारायचं काय त्यात? घरचीच गाडी हाय की!"

"तू भंगारात घालणार होतास!"

"व्हय," तो म्हणाला. "पर मला काय म्हाईत तू खरंच चालू करशील? चार दिवस झालं, रोज आठ खेपा करतोय. तक्रार न्हाई. तिशीनंच जाती, पर जाती."

म्हणजे चार दिवस. चार दिवस तो माझी गाडी चालवत होता आणि मला एक फोन नाही. मी कागदांसाठी उंबरठे झिजवत होते, आणि कागद नसलेली गाडी शेतातल्या शेतात त्याच्या उपयोगाला आली होती. वर बसलेल्या बायकांतली एक म्हणाली, "अक्का, चडा की वर, हळद वाळाय लागलीया."

मी चढले. दार नीट लागत नव्हतं, ते एका हाताने धरून ठेवावं लागलं. भावाने दुसरा गिअर टाकला आणि गाडी पुढे निघाली. दहा पावलं गेली नाही तोच गिअरचा दांडा खाड्कन निसटून मधे आला.

"ह्यो दुसरा गिअर टिकत न्हाई," तो इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाला. "मिस्त्रीला फोन केलाय, रविवारी येतो म्हणालाय. तवर दांडा हातानं दाबून धरावा लागतोय. जरा धर."

"मी बोलतेय तुझ्याशी," मी म्हणाले.

"बोल की. पर दांडा धर."

मी एका हाताने दार धरलं, दुसऱ्या हाताने तो दांडा दाबला आणि बोलत राहिले. विचारायला पाहिजे होतं, कळवायला पाहिजे होतं, ही गाडी कोणी चालू केली, सगळं बोलले. त्यातलं अर्धं त्याला ऐकू गेलं नसेल. हळद शिजवायच्या काहिलीपाशी पोचेपर्यंत माझं मनगट भरून आलं होतं. बायका उतरल्या, हौद्याची फळी पाडली, हळद खाली ओढायला लागल्या. भाऊ उतरून पलीकडे गेला. मी तशीच आत बसून होते, हात अजून दांड्यावर, कारण इंजिन चालू होतं आणि सोडला तर काय होईल ते मला कोणी सांगितलं नव्हतं.